ग्रंथालयात सोय मागू नका, पानं मागा

एम.ए.ला प्रवेश घेतला त्या आठवड्यात मी ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊन विचारलं, "अंध विद्यार्थ्यांसाठी इथे काय सोय आहे?" पलीकडे जरा शांतता. मग एका मॅडमनी आत हाक मारली, "मामा, ते ब्रेलचं कपाट आहे ना, त्याची चावी कुठेय?" चावी सापडायला वीस मिनिटं गेली. कपाटात जाडजूड खंड, वर बोटभर धूळ, आत ठिपके दबून सपाट झालेले. हाताला लागला तो एका इंग्रजी कादंबरीचा तिसरा खंड होता. पहिला आणि दुसरा नव्हताच. मॅडमना खरंच वाईट वाटलं, त्यांनी मला चहा पाजला. पुस्तक मात्र मिळालं नाही.

पुढच्या वर्षी त्याच काउंटरवर मी म्हटलं, "या पुस्तकाची ४१ ते ९६ पानं मला पंधरा तारखेपर्यंत स्कॅन करून हवी आहेत. हा अर्ज." चौथ्या दिवशी पेनड्राइव्ह हातात. माणसं तीच होती, मशीनही तेच.

"सोय काय आहे" असं विचारलं की समोरचा माणूस खोली, कपाट, बोर्ड असं काहीतरी दाखवायला शोधतो. पानं मागितली की त्याला काम मिळतं, आणि काम त्याला करता येतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझा सल्ला कुठून येतो ते कळेल. मी डोंबिवलीची. आर.पी. आहे, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू विझत जाणारा आजार. दहावीपर्यंत छापील पुस्तकं वाचली, बारावीला फक्त मोठा टाइप, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तेही संपलं. ब्रेल उशिरा शिकले, त्यामुळे वाचते ती मुंगीच्या पावलांनी. माझं वाचन कानांनी होतं. सध्या मराठीत पीएच.डी. करतेय, म्हणजे जुनी, पिवळी, शिवण सुटलेली पुस्तकं हाच माझा धंदा.

कागद आधी, पुस्तक नंतर

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि ग्रंथालयाचं ओळखपत्र यांच्या तीन-तीन झेरॉक्स एका पिशवीत कायम ठेवा. हे काम सत्र सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचं. परीक्षेच्या तोंडावर काउंटरवर रांग असते आणि तुमचा अर्ज कुणाच्या तरी रजिस्टरखाली जातो.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही त्यात येते, हे खुद्द त्या मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतं. कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची. पण काउंटरवर कायद्याची भाषा पहिल्याच वाक्यात काढू नका. ती अर्जात एका ओळीत असू दे. तोंडाने फक्त पुस्तकाचं नाव घ्या.

अर्ज मी असा लिहिते. हवा तर उचला:

"मा. ग्रंथपाल यांस, मी एम.ए. भाग २, मराठी विभागाची विद्यार्थिनी असून पूर्णतः दृष्टिहीन आहे. खालील पुस्तकातील पृष्ठे ४१ ते ९६ (एकूण ५६) माझ्या अभ्यासासाठी ३०० डीपीआयवर, पीडीएफ स्वरूपात स्कॅन करून मिळावीत. पुस्तकाचा वर्गांक व दाखलांक सोबत दिला आहे. दिनांक १५ रोजी चाचणी असल्याने त्यापूर्वी फाइल मिळाल्यास उपकृत होईन. सदर प्रत केवळ अभ्यासासाठी असून अपंगत्व नसलेल्या कुणास दिली जाणार नाही. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे."

वर्गांक म्हणजे पुस्तकाचा विषयवार क्रमांक, दाखलांक म्हणजे त्या प्रतीचा नोंदणी क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का बसलेला कागद हरवत नाही. हरवला तरी तुमच्याकडे दुसरा असतो.

"अपंगत्व नसलेल्या कुणास" हे मुद्दाम लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त वेळा अडवणारं वाक्य ठरलेलं असतं: "पूर्ण पुस्तक स्कॅन करता येत नाही, कॉपीराइट आहे." एका ग्रंथालयात मला हे सलग तीन दिवस ऐकवलं, तिसऱ्या दिवशी तर जरा वरच्या पट्टीत. उत्तर साधं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२ (१) च्या झेडबी या खंडानुसार अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करणं हा भंग ठरत नाही. प्रत नफ्यासाठी नको, खर्चापुरते पैसे घेता येतात, आणि ती बाजारात जाता कामा नये. प्रकाशकाची परवानगी आणा, असंही कुणी म्हणू शकत नाही. माराकेश करार यासाठीच २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. मी त्या कलमाचा छापील कागद पिशवीत ठेवते. वाद घालायचा नाही, कागद पुढे करायचा. सरकारी-निमसरकारी ठिकाणी छापील कागदासमोर आवाज आपोआप खाली येतो.

स्कॅन करणाऱ्याला काय सांगायचं

स्कॅन मिळालं म्हणजे पुस्तक मिळालं असं नाही. स्कॅन हे पानाचं चित्र असतं, आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, चित्र वाचता येत नाही. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर करावा लागतो, त्याला ओसीआर म्हणतात. इंग्रजीत हे आता चुटकीसरशी होतं. मराठीत आधीचं स्कॅन जितकं चांगलं, तितकीच नंतरची डोकेदुखी कमी.

म्हणून स्कॅन करणाऱ्या दादांना मी चार गोष्टी सांगते, हसत हसत, पण दर वेळी. पान सरळ ठेवा. पुस्तक मधल्या शिवणीपाशी नीट दाबा, नाहीतर ओळींची आतली टोकं वाकतात आणि प्रत्येक ओळीचा शिवणीजवळचा शब्द जातो. दोन पानं एकदम घेतली तरी चालेल, पण सगळी तशीच घ्या, मध्येच एक-एक नको. आणि बोट काचेवर नको. हे शेवटचं विनोदी वाटेल, पण एका प्रबंधाच्या अकरा पानांवर एकाच ठिकाणी अंगठा होता. भावानं बघून सांगितलं, "ताई, इथे लेखकाचा नाही, कुणाचा तरी दुसऱ्याचाच ठसा उमटलाय."

फाइल घेताना तिथेच विचारा: पहिल्या पानाचा आकडा कोणता, शेवटच्याचा कोणता, मधलं एखादं सुटलंय का? घरी डोंबिवलीला आल्यावर ६३ वं पान नाही हे कळण्यासारखं दुःख नाही.

ओसीआरसाठी मी गूगल ड्राइव्ह वापरते. पीडीएफ चढवायची आणि ती गूगल डॉक्सने उघडायची, की खाली मजकूर येतो. मोठी फाइल एकदम देऊ नका, दहा-दहा पानांचे तुकडे करा. मग दुरुस्ती. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा तुटलेली असते, त्यामुळे 'ख' चा 'रव' होतो, 'भाषा' ची 'माषा' होते, 'घर' चं 'धर' होतं. रफार आणि अनुस्वार तर उडायला बसलेलेच असतात. कानाला 'धरात' ऐकू आलं की थांबायचं आणि सुधारायचं. एक सावधगिरी: शोधा-आणि-बदला हे हत्यार जपून चालवा. मी एकदा सगळे 'रव' एका झटक्यात 'ख' करून टाकले. संदर्भसूचीतल्या गौरवग्रंथाचा 'गौखग्रंथ' झाला, रवींद्रचा 'खींद्र' झाला, आणि ते प्रकरण तसंच मार्गदर्शकांच्या टेबलावर गेलं. सर दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे खींद्र कोण?"

पानांचे आकडे टिकवा. मजकूर करताना 'पान ४७' अशी ओळ प्रत्येक पानाच्या सुरुवातीला राहू द्या आणि तिला वर्डमध्ये हेडिंगची स्टाइल द्या. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि स्पेस दाबून ब्राउझ मोड सुरू केला की 'एच' या कळीने पान-पान उड्या मारता येतात. तळटीप लिहिताना पृष्ठ क्रमांक लागतोच. तो नसेल तर पुन्हा कुणाच्या तरी डोळ्यांची वाट बघा.

आता श्रीलिपी, म्हणजे मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि यात त्या सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, आपल्या काळाचा आहे. मराठीतले शेकडो प्रबंध आणि पुस्तकं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालीत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून प्रबंध उतरवला, पीडीएफ उघडली, शेजारचा डोळस माणूस म्हणतो, "छान मराठी आहे की!" आणि स्क्रीन रीडर वाचतो इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि आकड्यांची भेळ. कारण त्या फाइलच्या पोटात मराठी नसतंच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असतो. अशा फाइलमधला मजकूर कॉपी करत बसू नका. पानांची चित्रं करून ओसीआर करा, म्हणजे यंत्र आकार बघून वाचेल. ओळखायचं कसं? पहिला परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला पाठवा. तिने "हे काय?" विचारलं तर श्रीलिपी किंवा तिचं भावंड.

ग्रंथालयातला संगणक

"आमच्याकडे तुमचं सॉफ्टवेअर नाही" याला घाबरू नका. विंडोज १० किंवा ११ असलेल्या कुठल्याही संगणकावर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या की नॅरेटर बोलायला लागतो. काही बसवावं लागत नाही. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे आणि त्याची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवता येते. पण पुष्कळ ग्रंथालयांत पेनड्राइव्हची जागा बंद केलेली असते, तेव्हा आधी विचारा. स्वतःचे वायरवाले हेडफोन न्या. कमी दिसणाऱ्यांनी विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबावं, पडदा मोठा होतो. मग कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटे होतात, काळ्यावर पांढरं. मला थोडं दिसायचं तेव्हा या दोन गोष्टी कुणीतरी सांगायला हव्या होत्या. दोन वर्षं मी पडद्याला नाक लावून बसायचे.

पुस्तकांची सूची मात्र घरूनच, ऑनलाइन बघून या. वर्गांक, दाखलांक आणि प्रत आत आहे की बाहेर, एवढं लिहून नेलं की मामा दहा मिनिटांत पुस्तक आणतात. रॅकमध्ये स्वतः जाण्याचा हट्ट मी सोडला. ज्यांना रातांधळेपणा आहे त्यांनी तर नकोच. दोन रॅकमधली ट्यूब गेलेली असते आणि खालच्या स्टुलाला पाय लागतो.

वाचून दाखवणारं माणूस

हस्तलिखित, तक्ता, नकाशा, मोडी: इथे यंत्र हात टेकतं. मग माणूस लागतो. एन.एस.एस.च्या मुलांना विचारा, विभागात नोटीस लावायला सांगा. मी नियम ठेवलाय की एका बैठकीत पाऊण तास, त्याहून जास्त नाही. वाचणाऱ्याचा घसा बसतो, आपलं लक्ष उडतं. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. "आधी लेखक, पुस्तक, पान सांग, मग वाच. अवघड शब्दाचं स्पेलिंग सांग. तुला कंटाळवाणं वाटलं म्हणून गाळू नको." हे तिसरं वाक्य माझ्या पहिल्या वाचकामुळे आलं. तो तळटिपा सरळ सोडून द्यायचा, कारण "त्यात गोष्ट नाही ना ताई."

वाचताना बोलायचं म्हणजे वाचनकक्षात शू-शू होणार. एखादी रिकामी खोली, ग्रंथपालांच्या केबिनशेजारचा कोपरा, असं काही ठरावीक वारी मागून घ्या. "दर बुधवारी तीन ते चार" म्हटलं तर मिळतं. "कधीतरी" म्हटलं तर नाही.

मुंबईत कुठे जायचं

धोबी तलावजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांचं केंद्र २००३ पासून आहे. ते फक्त त्या कॉलेजच्या मुलांपुरतं नाही. सीएसएमटीहून चालत जाता येतं. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात एम. के. टाटा स्मृती केंद्र आहे, ते तिथल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपलं नॅब, ब्रेल आणि बोलकी पुस्तकं यांसाठी. कुठेही जाण्याआधी फोन करा. वेळ, सुटी आणि सभासदत्वाला काय लागतं ते विचारा.

सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. डेझी फोरम ऑफ इंडिया या सुगम पुस्तकं करणाऱ्या संस्थांच्या मंचाच्या सदस्य संस्थेमार्फत सभासद होता येतं. स्कॅनसाठी अर्ज टाकण्याआधी तिथे शोधा, कुणीतरी तुमचं पुस्तक आधीच करून ठेवलेलं असू शकतं. संदर्भासाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे, आणि स्क्रीन रीडर तो लोण्यातून सुरी जावी तसा वाचतो.

मुंबई विद्यापीठाची मोठी ग्रंथालयं दोन: कालिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि फोर्टला राजाबाई टॉवरमधलं. टॉवर १८७८ चा, प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं, आणि सूर्यास्ताआधी जेवायचा जैन नियम पाळायला त्यांना घड्याळाचे ठोके उपयोगी पडायचे. गोष्ट खरी असो नसो, अंध बाईच्या नावाच्या इमारतीत आपण उपरे नाही, एवढं मनात धरून मी तिथे जाते. मात्र १८७८ साली रॅम्प कुणाच्या डोक्यात नव्हता. चाकाची खुर्ची असेल तर आधी फोन करून पुस्तक तळमजल्यावर काढून ठेवायला सांगा.

प्रवासाचं एवढंच: लोकलमध्ये आपला, म्हणजे दिव्यांगांचा, डबा प्लॅटफॉर्मवर जिथे येतो तिथे बीपर टिकटिकत असतो. तिकडे कान लावा. संध्याकाळी सहानंतर फोर्टहून परतायचं टाळा. पुस्तकांची पिशवी, काठी आणि ती गर्दी एका माणसाला झेपत नाही.

माझ्या दोन मैत्रिणींचं

एक चाकाच्या खुर्चीवर असते. तिचा अनुभव असा, की लिफ्ट असते पण चावी ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले असतात. म्हणून ती आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवते, आणि घरून निघताना दुसरा फोन. टेबलाखाली खुर्ची शिरते का, हे पहिल्या दिवशी तपासते. वरच्या फळीवरचं पुस्तक कुणीतरी काढून द्यायचं, याची परवानगी तिने ग्रंथपालांकडून लेखी घेतलीय, म्हणजे दर वेळी विनवण्या नकोत. आणि स्वच्छतागृह. ते आधी बघा, पुस्तकं नंतर.

दुसरी कर्णबधिर आहे. ग्रंथालयाची ओळख करून देणारं भाषण तिच्या काही कामाचं नव्हतं. तिने तेच लेखी मागितलं, तेव्हा कळलं की लेखी असं काही नव्हतंच. तिच्यामुळे एक पानी माहितीपत्रक झालं आणि आता ते सगळेच नेतात. एकदा बंद व्हायची घंटा झाली, दिवे गेले, आणि ती आत एकटी. वॉचमननं टॉर्च मारल्यावर दोघंही किंचाळले. तेव्हापासून तिथे बंद होण्याच्या दहा मिनिटं आधी दिवे दोनदा मिचकावतात. तुमच्या ग्रंथालयातही एवढं मागता येईल, खर्च शून्य आहे.

पुस्तकं घरी आणल्यावर कुठलं कुठलं हे कळायला मी रबर लावते: एक रबर म्हणजे या आठवड्यात परत, दोन म्हणजे पुढच्या. ग्रंथालयाच्या पुस्तकावर ब्रेलची पट्टी चिकटवू नका, दंड होतो.

आणि दुरुस्त केलेली फाइल स्वतःपुरती ठेवू नका. कायद्याने ती दुसऱ्या दृष्टिहीन किंवा अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला अभ्यासासाठी देता येते. नाव असं द्या: लेखक, पुस्तक, वर्ष, पानं कुठून कुठे. एक प्रत ग्रंथपालांकडे द्या, म्हणजे पुढच्या मुलीला स्कॅनिंगच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. माझ्या फाइलींत कुठे 'ख' चा 'रव' राहिलेला सापडला, तर सुधारून मला परत पाठवा.